मला नापास करा

भातकुली,
ता. ५ जून १९६१

तीर्थरूप देवमनमामांना,
शकुनचा सप्रेम जयभीम. आई सांगते आहे, मी लिहिते आहे. माझी शाळेची भाषा मधे घालायची नाही असा तिचा हुकूम आहे.

"देवमन, आमी समदे खुशाल हावो. शालिकरामले अकोल्याहून बोलावनं आलं. लाइनमनच्या जागेसाठी. कागदावर तुह्या वीज कचेरीचा शिक्का हाय. शाळेच्या मास्तरनं वाचून सांगतलं का तपासनाऱ्या सायबात तुहं बी नाव हाय. मंग मले कायची फिकीर? माय गेली तवा तू रांगत होता. तुले झोयीत टाकून मी निंदनाले जात होती. हे मी आज काढून नाई राहिली, उगाच तोंडातून निंगालं. शालिकराम आय.टी.आय. पास हाय. पोरगा हुशार हाय. बाप नाई त्याले. तूच हाय. इतकंच."

आईचं संपलं. आता माझं. मामा, आईने सगळ्या वस्तीत सांगून टाकलं आहे की दादाची नोकरी पक्की झाली. कौशल्याकाकू काल येऊन गेल्या, पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचंही बघा म्हणाल्या. दादाने पँट शिवायला टाकली आहे. उत्तर जपून लिहा. तुमचं पत्र मला मोठ्याने वाचावं लागतं, आणि ऐकायला एकटी आई नसते.

तुमची,
शकुन


अकोला,
ता. ११ जून १९६१

चि. शकुन,
अनेक आशीर्वाद. हे बाईला, तुझ्या आईला, वाचून दाखव.

बाई, पत्र पावलं. शालिकरामनं वेळेवर यावं, मुक्काम माझ्याकडेच करावा. तपासणी सगळ्यांची सारखीच होईल. त्यानं नीट झोपून यावं, घाबरू नये.

शकुन, यापुढचं मोठ्यानं वाचू नकोस.

बोलावण्यांची यादी आली त्याच दिवशी मी आमच्या गोपाळकृष्ण साहेबांकडे गेलो. हे इथले सहायक अभियंता, माझे वरिष्ठ. म्हटलं, "साहेब, उमेदवारांत माझा सख्खा भाचा आहे. मला या कामातून मोकळं करा." ते हसले. म्हणाले, "अहो देवमन, माझ्याही साडूचा मुलगा आहे त्यात. रविकांत. मी कुठं मोकळा होतोय? दुसरा ओव्हरसियर रजेवर आहे. तुम्हीच घ्या तपासणी."

माणूस वाईट नाही. मला 'अहो' म्हणणारे या कचेरीत थोडे आहेत, त्यातले ते एक. पण त्यांचं ते हसणं मला आवडलं नाही.

मी शालिकरामला घेतलं तर कचेरी म्हणेल, बघा, खुर्ची मिळाली की आपला माणूस आणला. नाही घेतलं तर वस्ती म्हणेल, देवमन साहेब झाला. तो स्वतःच्या हिमतीवर पास झाला तरी ते कोणी खरं मानणार नाही, कदाचित तोही नाही. देवाधर्माचं आपण सोडलं, नाहीतर नवस बोललो असतो की त्या दिवशी मला ताप यावा.

तुझा,
मामा


भातकुली,
ता. १६ जून १९६१

तीर्थरूप मामांना,
सप्रेम जयभीम. तुम्ही सांगितलं तेवढंच वाचणार होते. पण मी मधेच थांबले आणि आईने ओळखलं. "पुढं काय हाय ते वाच," म्हणाली. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून वाचलं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"देवमन, तुले कोनी म्हनलं का तू लबाडी कर? पोरगा पास होईन तर पास म्हन, इतकंच मागून राहिली. लोकं काय म्हनतीन याची तुले लय फिकीर. आमाले लोकं कधी चांगलं म्हनत होते? अन् तापाचं असं लिहू नको."

नंतर म्हणाली, "त्याले भाकरीसंगं ठेचा आवडते, शालिकरामजवळ देजो." दादाबरोबर पाठवते आहे.

शकुन


अकोला,
ता. २९ जून १९६१

चि. शकुन,
आशीर्वाद. तपासणी झाली. बाईला हे लगेच वाचू नकोस. आधी तू वाच, मग तुला ठीक वाटेल तसं कर. मला दुसऱ्या कोणाजवळ बोलता येत नाही.

जागा गावोगावच्या तक्रार केंद्रांवरच्या आहेत. केंद्र म्हणजे एक खोली, एक टेलिफोन, एक शिडी. माणूस एकटाच. लोकांची गाऱ्हाणी तोच ऐकायचा आणि खांबावरही तोच चढायचा. म्हणून मी ठरवलं, नुसती पुस्तकातली उत्तरं घ्यायची नाहीत. आमचा शिपाई नत्थुजी, त्याला शेतकरी केलं. खांद्यावर दुपट्टा टाकून तो एकेका उमेदवारापुढे येऊन ओरडायचा, "ओ सायेब! तुमची लाइन हाय का मजाक? मोटार चालून नाई राहिली, संत्र्याचे झाडं वाळून राहिले!"

एक जण म्हणाला, अर्ज लिहून आणा. दुसरा म्हणाला, फ्यूज गेला असेल, उद्या बघू. एकाने नत्थुजीला बाहेरच काढलं. शालिकरामची पाळी आली. त्यानं खुर्ची पुढे केली. "बसा काका, पानी घ्या. मोटार चालू करता तवा आवाज येते का कायीच नाई? बाजूच्या वावरातली चालू हाय का?" नत्थुजी आपलं सोंग विसरला. "आवाज येते, घूं घूं, पन फिरत नाई," म्हणाला. साहेबांनीही मान डोलावली. शकुन, माझी छाती भरून आली. साहेब पाहतील म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

मग आवारातल्या खांबावर चढायचं होतं. मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होतो, "लाइन बंद आहे, चढा." लाइन खरोखरच बंद होती. पण आमच्या धंद्यात पहिला नियम असा की सांगणारा कोणीही असो, वर गेल्यावर आधी टेस्टर लावायचा, मग तारेला जमिनीशी जोडणारी साखळी अडकवायची, आणि मगच हात लावायचा. आय.टी.आय.त हे शिकवतात. शालिकराम खारीसारखा चढला आणि त्यानं सरळ तार मुठीत धरली.

खाली आल्यावर विचारलं, "तपासली का नाहीस?"

तो हसला. म्हणाला, "तुमी सांगतलं ना मामा, बंद हाय म्हनून."

मागच्या वर्षी आमचा बुधाजी लाइनमन असाच चढला होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, बंद आहे. त्याला ट्रकमधून घरी मी नेलं. त्याची बायको केशरबाई रडली नाही. फक्त विचारलं, "जेवले होते का?" ते मला ठाऊक नव्हतं. अजून ठाऊक नाही.

साहेबांचा रविकांतही आला होता. शांत, सभ्य पोरगा. नत्थुजीशी तोही गोड बोलला, तक्रार सुवाच्य लिहून घेतली. पण खांबावर डोक्याएवढा चढला आणि खांबाला मिठी मारून बसला. साहेब लांब उभे होते. मी जवळ गेलो तर हलक्या आवाजात म्हणाला, "सर, मला नापास करा. घरी कोणी ऐकत नाही. खाली पाहिलं की माझ्या डोळ्यांपुढं अंधार येतो."

मी दोघांनाही नापास केलं आहे. शालिकरामला अजून ठाऊक नाही. तो ठेच्याचा डबा धुऊन ठेवून हसत गावी परतला.

तुझा,
मामा


भातकुली,
ता. २० जुलै १९६१

तीर्थरूप मामांना,
सप्रेम जयभीम. आई माझ्या हाताला धरून बसली आहे आणि लवकर लिही म्हणते आहे.

"देवमन, शालिकरामचा हुकूम आला! डाकवाल्यानं रस्त्यावरूनच हाक मारली. सारी वस्ती जमा झाली. म्या बुंदी वाटली. तू आमाले उगाच भेव घातलं होतं. मले ठाऊक होतं तू करशीन म्हनून. तुह्या तोंडावर कधी चांगलं बोलली नाई, आज बोलतो. तू माह्या पोटचा असता तरी याहून जास्त केलं नसतं."

मामा, तुमचं मागचं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. रोज ठरवत होते, आज सांगू, उद्या सांगू. तेवढ्यात हुकूम आला. दादाही म्हणतो, "मामानं केलं." आता तुम्हीच सांगा, तुम्ही मन बदललं का? बदललं असेल तर मला वाईट वाटणार नाही. वाटायला हवं, असं मात्र वाटतं.

शकुन


अकोला,
ता. २७ जुलै १९६१

चि. शकुन,
मी मन बदललं नव्हतं. हुकूम निघाल्याचं मला तुझ्या पत्रानं कळलं.

तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "तुमच्या भाच्याला मी घेतलं. एवढा चुणचुणीत पोरगा एका साखळीसाठी घालवायचा? आता रविकांतचंही होऊन जाऊ द्या. वर कागद जायचे ते दोघांच्या सहीनं. तुमचे जुने शेरे मी फाडले. हे कोरे घ्या."

म्हटलं, "साहेब, मी सही करणार नाही."

"मग भाच्याचा हुकूम रद्द होईल. तुमच्या बहिणीला तुम्ही कळवा," म्हणाले. आवाज चढवला नाही. चहा गार होतोय म्हणाले.

नेमकी त्याच दुपारी तुझी बुंदीची पुडी डाकेनं आली होती. ती टेबलावर होती. बाईनं वस्तीला तोंड गोड करून झालं होतं. शकुन, मी एक अट घातली: शालिकरामला केंद्रावर एकटं पाठवायचं नाही. वर्षभर अकोल्यात माझ्या हाताखाली मदतनीस म्हणून ठेवायचं. त्याला मी शिकवीन, हात लावण्याआधी दर वेळी तपासायला लावीन. साहेब लगेच कबूल झाले. एवढंच ना, म्हणाले.

मी दोन्ही कागदांवर 'पास' लिहून सही केली.

अंजनगाव सुर्जीच्या केंद्रावर रविकांत गेला. जाण्याआधी कचेरीत येऊन सगळ्यांना नमस्कार करत होता. माझ्यापुढे आला आणि वाकला. मी खाली पाहत होतो.

शालिकराम माझ्याजवळ आला की तो सुरक्षित. मी हेच स्वतःला सांगतो. बाईला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तिनं लिहिलेलं ते पोटच्या मुलाचं वाक्य मी पुन्हा वाचू शकलो नाही.

मामा


भातकुली,
ता. २ नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप मामांना,
सप्रेम जयभीम. इतके दिवस लिहिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची हिंमत नव्हती.

दादा चार दिवसांच्या रजेवर आला. तुम्ही चांगलं शिकवता म्हणाला, पण त्याला फक्त शिडी धरायला ठेवलं म्हणून तो खट्टू आहे. बाकीचे सगळे केंद्रांवर गेले, मलाच का नाही, असं आईला विचारत होता. आईने माझ्याकडे पाहिलं. तो झोपल्यावर मला मागच्या अंगणात नेलं आणि म्हणाली, "तुले ठाऊक हाय. बोल." मग मी तुमची दोन्ही पत्रं वाचली. एक शब्द गाळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हे सांगितलं:

"देवमन, माह्या पोराले तू नापास केलं. मले राग आला. येईनच. मी माय हावो. रागारागानं म्या तुह्या नावानं लय बोलली, शकुननं ते लिहिलं नाई. पन थो बुधाजी, त्याच्या बायकोची गोष्ट ऐकली अन् माह्या जिवाचं पानी झालं. शालिकरामले तू आपल्याजवळ ठेवलं, बरं केलं.

पन त्या दुसऱ्या पोराचं काय? त्यानं तुह्यापुढं हात जोडले होते ना, मले नापास कर म्हनून? त्याले बी माय असन. माह्या पोराचा जीव वाचवासाठी तू तिच्या पोराले खांबावर चढवलं. असं मी तुले कधी सांगतलं होतं? तुही बहीन इतकी का वाईट हाय, का तिच्यासाठी तू असं करावं?

मले आता रोज थो पोरगा दिसते. पाह्यला नाई तरी दिसते. तू जाऊन पाह्य."

मामा, आई रडली नाही. एवढं बोलून वावरात गेली. जाताना म्हणाली, यातलं काही कमी करू नको.

शकुन


अकोला,
ता. १९ डिसेंबर १९६१

तीर्थरूप बाईस,
शिरसाष्टांग जयभीम. हे पत्र पहिल्यांदाच तुझ्या नावानं लिहितो आहे. शकुन, सगळं वाच. कोणी ऐकत असेल तर ऐकू दे.

बाई, तुझं पत्र आल्यावर मी एस.टी.नं अकोटवरून अंजनगावला गेलो. केंद्र बाजाराला लागूनच आहे. रविकांत टेबलापाशी बसला होता. बारीक झाला आहे. समोर पानमळ्यांचे मालक उभे होते, पंप बंद म्हणून ओरडत होते, आणि तो एकेकाची तक्रार शांतपणे लिहून घेत होता. ते गेल्यावर विचारलं, खांबावर कोण चढतं? म्हणाला, "गावात एक वायरमन आहे, त्याला पगारातून देतो. तो नसला की मी चढतो. परवा चढलो होतो. खाली कसा आलो ते आठवत नाही. लोकांनी उतरवलं म्हणतात."

मग म्हणाला, "सर, मी तुम्हाला सांगितलं होतं."

राग नव्हता त्याच्या बोलण्यात. असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, राजीनामा दे. म्हणाला, "वडील घरात घेणार नाहीत. मावशीचे यजमान साहेब, त्यांची नाचक्की होईल. तुम्हाला 'नाही' म्हणता आलं नाही सर, मला कसं येईल?"

परत येताना एस.टी.त मी विचार केला, त्याला जे जमत नाही ते मी तरी करू शकतो का? गाडी अकोल्याला पोचेपर्यंत मला ठाऊक होतं की करावं लागेल. तरी कागद पुढे घ्यायला आणखी आठवडा लागला.

आधी शालिकरामला सांगितलं. तो टेस्टर पुसत बसला होता. सगळं सांगितलं, खांबाखाली काय झालं, शेरा काय दिला, मग सही का केली. तो म्हणाला, "मले तवाच काहून नाई सांगतलं मामा? म्या वस्तीत तुमच्या नावानं मिरवलं." मी म्हटलं, आता मी वर लिहिणार आहे, तुझी जागा जाईल. तो उठला, खांबावर चढताना बांधायचा पट्टा खुंटीला अडकवला आणि बाहेर गेला. जेवायच्या वेळी परत आला.

मग मी मोठ्या कचेरीला लिहिलं. माझ्या तपासणीत हे दोन उमेदवार नापास झाले होते, नंतरची सही मी दबावाखाली केली, ती खोटी आहे, जी शिक्षा असेल ती द्या. कागद साहेबांना दाखवूनच पाठवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "देवमन, तुमच्यासारख्या माणसाला इथवर यायला किती पिढ्या लागल्या, आणि तुम्ही हे एका भित्र्या पोरासाठी घालवता?" ते मनापासून बोलत होते. त्याचंच मला जास्त लागलं.

चौकशी झाली. रविकांतला केंद्रावरून काढलं. हिशेबाच्या खात्यात कारकुनाची जागा मिळाली तर पाहतो आहे म्हणाला. वडील बोलत नाहीत, पण घरात घेतलं आहे. निरोप घ्यायला आला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिला. साहेबांना समज मिळाली, ते आहेत तिथंच आहेत. मला ओव्हरसियर ठेवलं आहे, पण लाइनवरून काढून भांडारात बसवलं. खिडकीला जाळी असलेली खोली आहे. दिवसभर पट्टे आणि खांबावर तारेखाली बसवायचे चिनी मातीचे कप आत-बाहेर करायचे. बढती आता होईल असं वाटत नाही. कचेरीत दोन्ही बाजूंचे लोक मला टाळतात. आपले म्हणतात, स्वतःच्या माणसावर उलटला. बाकीचे म्हणतात, याच्यापुढे जपून बोला.

शालिकरामची जागा रद्द झाली. उद्याच्या गाडीनं तो गावी येतो आहे. पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघतील, त्यात बसायला त्याला मनाई नाही. आता तो नक्की पास होईल, हे मी तो भाचा आहे म्हणून लिहीत नाही.

बाई, वस्तीत तुला मान खाली घालावी लागेल. ते मी केलं. मला यायला तोंड नाही. सणासुदीलाही मी इकडंच राहीन, म्हणजे तुला कोणी काही विचारणार नाही.

तुझा,
देवमन


भातकुली,
ता. २८ डिसेंबर १९६१

तीर्थरूप मामांना,
सप्रेम जयभीम. तुमचं पत्र मी ओट्यावर बसून वाचलं. कौशल्याकाकू होत्या, आणखीही पुष्कळ जण होते. काही मधेच उठून गेले. आई शेवटपर्यंत बसली. आता ती सांगते ते:

"देवमन, शालिकराम आला. कोनाशी बोलून नाई राहिला. सकाळीच गावाबाहेर जाते, तिथं नवीन खांब गाडून राहिले, थे पाहत उभा राह्यते. राहू दे. जेवते, तेवढं पुरे.

लोकं बोलतात. कौशल्या माह्याकडं पाहत नाई. परवा एकानं तोंडावर म्हनलं, तुह्या भावानं तुह्या पोराची भाकर हिसकली. म्या म्हनलं, हिसकली, पन पोरगा माह्यापुढं उभा हाय. मंग थो गेला.

मले तुह्यावर राग हाय. आज हाय, उद्या बी राहीन. तुले दोन-चार गोष्टी तोंडावर सांगाच्या हायेत, त्या शकुन लिहू शकत नाई. त्याच्यासाठी तुले यावं लागीन. सनाले येत नाई म्हनते? तुले इचारलं कोनी? येत्या बाजाराच्या दिवशी ये. उजेडात ये. मांगच्या वाटेनं येऊ नको, वस्तीच्या मधातून ये, समदे पाहतीन असा. मी ओट्यावरच बसून राह्यतो."

शकुन